तीनाक भरती, दोनाक येवा

आधीच सांगून टाकतो, खाडीत होडीची सफर घडवणाऱ्या बायकांच्या या बचत गटाचं नाव आणि फोन नंबर इथे देत नाहीये. मी लपवतोय असं नाही, निघताना गटातल्या काकींनीच बजावलं, "लिवा काय ता, पण नंबर घालू नका. आमका गर्दी नको, होड्ये तीनच आसत." सिंधुदुर्गात मालवण ते वेंगुर्ला पट्ट्यातली एक खाडी आहे एवढं पुरे, कोणाला खरंच जायचं असेल तर त्या बाजूला कुठल्याही चहाच्या टपरीवर बायकांची होडी खंय विचारा, सांगतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीतली स्वामिनी महिला बचत गटाची कांदळवनाची (खारफुटीच्या जंगलाची) सफर बऱ्याच जणांना माहीत असेल, २०१७ पासून ती बायकाच चालवतात आणि तिची नावाजणीही भरपूर झाली, ही त्याच वाटेने निघालेली पण लहान, बोर्ड नाही, ऑफिस नाही, एका माडाला निळं ड्रम बांधलंय तीच खूण.

आता बुकिंगपासून सुरू करतो कारण माझं पहिलं भांडण तिथेच झालं. मी फोन केला, म्हटलं शनिवारी सकाळी साडेनऊचा स्लॉट मिळेल का, दुपारी आम्हाला किल्ल्यावर जायचंय. पलीकडून एक मिनिट शांतता, मग "तिथ काय ता बगतंय, थांबा", बोटांवर काहीतरी मोजल्याचा आवाज (आवाज नसतो पण कळतं), आणि मग, "चतुर्थी हा. तीनाक भरती. तुमी दोनाक येवा." मी म्हटलं सकाळी नाहीच का जमणार, जास्त पैसे देतो हवं तर. "सकाळी चिखलात काय बगतलास?" फोन बंद.

मला राग आला होता हे कबूल करतो. नंतर कळलं हिशोब काय आहे. तिथीला तीनाने गुणायचं आणि चारने भागायचं, येईल तो आकडा भरतीची वेळ, म्हणजे चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. किनाऱ्यावरच्या माणसांना हे पाठ असतं, माझ्या आजोबांनाही होतं, मी डोंबिवलीत वाढलो त्यामुळे मला लोकलचं टाइमटेबल पाठ आहे. खाडीत पाणी चढल्याशिवाय होडी कांदळाच्या आत शिरूच शकत नाही, ओहोटीला नुसता चिखल. त्यामुळे या सफरीचं वेळापत्रक रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकतं, आणि ज्यांना साडेनऊ म्हणजे साडेनऊच लागतं त्यांनी इथे जाऊ नये, त्यांच्यासाठी मोटरबोटी आहेत.

मोटरबोटीवरून आठवलं, आदल्या दिवशी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी डॉल्फिन दाखवतो म्हणणाऱ्या बोटीत बसलो होतो. नाव नको. एक पाठ दिसली की सहा बोटी तिच्या मागे, इंजिनाचा धूर, वर गाणी, माझी मुलगी म्हणाली बाबा ते पळतायत का खेळतायत. मी म्हटलं खेळतायत. खोटं बोललो.

तर शनिवारी पावणेदोनला पोचलो. मी, बायको, मुलगी वय ८, आई वय ७१, आणि मामेभाऊ ज्याला बरोबर घ्यायची माझी इच्छा नव्हती. पोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवतात, आणि बसायला दोनच बाकडी आहेत, सावली माडाची म्हणजे सरकती. तेवढ्या वेळात मुलगी काठावर चिखलात उतरली, तिथे एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेले बारके रंगीत खेकडे शेकड्याने असतात, जवळ गेलं की सगळे एकदम बिळात, ती त्यांच्या मागे, आणि तिसऱ्या पावलाला डावी चप्पल चिखलाने गिळली. खरंच गिळली, आम्ही कोपरापर्यंत हात घालून शोधली. गटातल्या एक ताई म्हणाल्या राहू दे, चिखल एकदा घेतलेलं लगेच देत नाही. मुलगी पुढचे तीन तास एका चप्पलवर.

होडी वल्ह्याची, एका होडीत चार माणसं अधिक वल्हवणारी. दोघीजणी आळीपाळीने वल्हवतात, एक बोलते. आमच्या होडीत ज्या काकी होत्या त्यांचं वय साठीच्या आसपास असेल, त्यांनी सांगितलं की त्या जन्मापासून खाडीच्या काठावर राहतात, तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवं काढण्यात आयुष्य गेलं, पण होडी वल्हवायला पहिल्यांदा शिकल्या त्या गट सुरू झाल्यावर. नवऱ्याची होडी, सासऱ्याची होडी, बाईने वल्हं हातात घ्यायची पद्धतच नव्हती. पहिले आठ दिवस होडी नुसती गोल गोल फिरायची आणि काठावर अख्खा वाडा हसायला जमायचा. "आता तेच शेनवारी इचारतत, आज किती पावणे?"

लाईफ जॅकेट सक्तीचं. ओलसर होती, वास येत होता, पण सगळ्यांना आणि लहान साइझचंही होतं. आईने साडीवरून घालायला कुरकुर केली तर काकी सरळ म्हणाल्या, मगे काठार बसा. आईने निमूट घातलं.

आत शिरल्यावर जे आहे ते मला नीट लिहिता येणार नाही पण प्रयत्न करतो. बाहेर ऊन रणरणतंय आणि दहा वल्ह्यांवर एकदम हिरवा अंधार, दोन्ही बाजूंनी कांदळाची मुळं कमानीसारखी पाण्यात उतरलेली, पाणी चढतंय त्याचा बारीक बुडबुड आवाज, बाकी काही नाही. मामेभावाने इथे ब्लूटूथ स्पीकर काढला. मला वाटलंच होतं. दुसऱ्या होडीतून वल्हवणारी ताई, वय पंचविशीची असेल, म्हणाली, "बंद कर रे बाबा ता. पक्षी गातत ता आयक." त्याने बंद केला. त्याला आयुष्यात कोणी एवढ्या थोडक्यात गप्प केलेलं मी पाहिलेलं नाही, या एका कारणासाठीसुद्धा माझे पाच स्टार.

माहिती सांगण्याची पद्धत मला जाम आवडली, कारण पाठ केलेलं भाषण नाही, झाड आलं की झाडाचं बोलतात. तिवराचं पान तोडू देत नाहीत पण वाकवून जिभेला लावायला सांगतात, खारट लागतं, झाड आत आलेलं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिली खोचल्यासारखी मुळं वर आलेली असतात, चिखलात हवा नाही म्हणून ती वर येऊन श्वास घेतात, आणि काकींचं म्हणणं की लोक त्यांच्यावर प्लास्टिकच्या पिशव्या अडकवतात म्हणजे झाडाच्या नाकावर पिशवी. मग कांदळ, त्याला शेंगेसारखं लांब काहीतरी लोंबत होतं, मी शेंगच म्हटलं. ती शेंग नाही, बी झाडावर असतानाच रुजतं आणि पडतं ते रोपच पडतं, चिखलात उभं घुसलं तर तिथेच, नाही तर भरतीबरोबर तरंगत दुसरीकडे. काकी: "ह्यां झाड पोरां जन्माक घालता." आणि आईकडे बघून, "आणि पोरां मगेच खंय वायच लांब जातत." आई माझ्याकडे बघून हसली. मी पाण्याकडे बघितलं.

गेवा लांबूनच दाखवला, त्याचा चीक डोळ्यात गेला तर दिसायचं बंद होतं, हात लावायचा नाही. पांढरी चिप्पी दाखवली, ती २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे हे मला माहीत नव्हतं, आपल्याकडे राज्य फुलपाखरू आहे, राज्य प्राणी आहे, पण असाही एक वृक्ष आहे हे होडीत बसून कळलं. तिची फुलं रात्री उमलतात आणि वटवाघळं येतात म्हणे. मारांडी, काजळा, किरपा ही नावं मुलीने वहीत लिहून घेतली, मला विचाराल तर आता कुठलं कोणतं ते सांगता येणार नाही. सगळ्या महाराष्ट्रात कांदळाच्या साधारण वीस जाती आहेत, त्यातल्या किती आम्ही पाहिल्या हे मोजायचं राहिलं.

प्राणीपक्ष्यांच्या अपेक्षा कमी ठेवा. आम्हाला खंड्या दोन, ढोकरी, रात्रबगळे झोपलेले, आणि चिखलावर उड्या मारणारे निवटे मासे भरपूर. ऊद (पाणमांजर) दिसला नाही, पण काठावर त्याने खाऊन टाकलेल्या माशांचे खवले दाखवले, आणि काकी अजिबात दिलगिरी वगैरे व्यक्त करत नाहीत, "तो काय पगारी हा?"

एका ठिकाणी मी मुळांवर चिकटलेली कालवं बघायला हात बाहेर काढला तर लगेच ओरडा पडला, "ओ दादानु, हात आत! कालवां कापतली." बरोबर आहे, शिंपल्याची धार ब्लेडसारखी असते.

आता थोडं गंभीर, कारण दीड तासात बोलणं तिकडेही गेलं. मी विचारलं पूर्वी हे सगळं असंच होतं का. तर नाही. पूर्वी सरपणाला तिवर तोडायचे, याच बायका तोडायच्या, लपवून सांगत नाहीत. २००५ साली मुंबई हायकोर्टाने कांदळवन तोडायला बंदी घातली, भोवतीचे ५० मीटरही मोकळे ठेवायला सांगितले, मग २०१२ मधे वनखात्याने वेगळा कांदळवन कक्ष काढला. काकींचा मुद्दा असा की बंदी आली तेव्हा गॅस आला नाही. म्हणजे चूल कशावर पेटवायची ते कोणी सांगितलं नाही, नुसता बोर्ड लावला. पुढे २०१७ ला सरकारने कांदळवन संरक्षण आणि उपजीविका अशी योजना आणली, गावात समिती, गटांनी खेकडे पाळायचे, कालवं, शिनाणे, पिंजऱ्यातले मासे, नाहीतर पर्यटन, खर्चातला बहुतेक भाग सरकारचा आणि थोडा गटाने घालायचा. तो थोडा भाग उभा करायला यांना वर्ष लागलं असं त्या म्हणाल्या. आणि तेव्हापासून तोडणाऱ्याला गावातलीच बाई हटकते, कारण तिवर गेलं तर होडीतून दाखवणार काय.

मला हे महत्त्वाचं वाटतं, थोडं लांबण लावतो. याच जिल्ह्यात मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ ला जाहीर झालं आणि मच्छीमारांनी इतकी वर्षं त्याला विरोध केला, का, तर रेघ वरून मारली आणि खाली कोण जगतंय ते विचारलं नाही. माझे स्वतःचे नातेवाईक त्या भांडणात होते, त्यामुळे मी काही तटस्थ माणूस नाही. इथे उलटं दिसलं. तीनच होड्या हा नियम गटाचा. मोटर नाही हा गटाचा. जून ते सप्टेंबर बंद हा गटाचा. एका भरतीला दोनच फेऱ्या, मग कोणी कितीही पैसे देवो. यातल्या एकाही नियमाचा कागद मी मागितला नाही आणि असेल असंही वाटत नाही, पण मी जास्त पैसे देतो म्हटल्यावर फोन बंद झाला होता, तो काय कमी पुरावा आहे.

तौक्ते वादळाची गोष्टही सांगितली, मे २०२१. समुद्राकडच्या बाजूची माडं आडवी झाली, कौलं उडाली, पण खाडीच्या अंगाला, जिथे कांदळ दाट आहे, तिथला बांध धरून राहिला. जिथे कोणीतरी कोळंबीच्या तळ्यासाठी कांदळ साफ केलं होतं तिथला फुटला आणि खारं पाणी भातखाचरात शिरलं. त्या शेतात पुढचा हंगाम गेला. हे त्यांनी होडी थांबवून हाताने दाखवलं, हा बांध, तो बांध, मधे दोनशे पावलं नसतील.

परतताना खेकड्यांचं कुंपण दाखवतात. कांदळात जाळी लावून चौकोन केलेत, त्यात बारके चिखली खेकडे सोडतात, बाजारात न खपणारी बारीक मासळी घालतात, मोठे झाले की विकतात. माझ्या डोक्यात सरळ हिशोब सुरू झाला की मस्त धंदा आहे, तर ताई म्हणाली पहिल्या वर्षी अर्धे खेकड्यांनीच खाल्ले. एकमेकांना. कवच टाकतो तेव्हा खेकडा मऊ असतो आणि शेजारचा वाट बघत असतो. आता लपायला कौलांचे तुकडे आणि पाइप टाकतात. पिंजऱ्यात चोणक पण होते, आमच्याकडे ज्याला जिताडा म्हणतात तो, पण ते काम दुसऱ्या गटाचं, आणि दोन गटांचं आपसात फारसं पटत नाही असं मला बोलण्यावरून वाटलं. कोणी विचारलं नाही, मीही नाही.

जेवण. इथे मोठा घोळ. ती चतुर्थी संकष्टीची, आणि आईचा उपास, हे माझ्या लक्षात तिथी ऐकूनही आलं नव्हतं. राहायला आम्ही गटातल्याच एका वैनींकडे होतो, दोन खोल्या, साध्या, स्वच्छ, गाद्या पातळ. आमच्यासाठी तिसऱ्यांचं सुकं, बांगड्याचं तिरफळं घातलेलं तिकलं, तांदळाची भाकरी, उकडा भात, सोलकढी. तिसऱ्या त्याच खाडीतल्या, आणि बारक्या निघाल्या तर परत टाकतात, ताटात एकही बारकी नव्हती हे मी बघितलं. तिकलं एवढं झकास की मामेभाऊ पण गप्प जेवला, दिवसात दुसऱ्यांदा. आईसाठी वैनींनी काही न सांगता वेगळी चूल मांडली. चंद्रोदय नऊ वाजून गेल्यावर होता, तोवर त्या आईबरोबर ओटीवर बसून राहिल्या, स्वतःही जेवल्या नाहीत, मग चंद्र दिसल्यावर वरण भात, अळूची भाजी आणि घावणे नारळाच्या रसात. बिलात याचे वेगळे पैसे लावले नव्हते. मी विचारलं तर वैनी म्हणाल्या ते तुमच्या आईचं आणि माझं, तुमका काय करूचा हा.

तक्रारी, कारण नुसतं कौतुक वाचून कोणाचा विश्वास बसत नाही. टॉयलेट काठावर एकच, दार नीट लागत नाही, कोणीतरी बाहेर उभं राहावं लागतं, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणार असाल तर आधीच घरी जाऊन या. होडीत चढायला धक्का नाही, फळी आहे, आईला दोघांनी धरून चढवलं. नेटवर्क नाही त्यामुळे यूपीआय होत नाही, रोख ठेवा, मी नेले नव्हते आणि मग एक जण बाईकवर बसवून मला हायवेपर्यंत रेंजमधे घेऊन गेला, पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत, पण वाटेभर राजकारण ऐकावं लागलं. होडीचे माणशी २०० घेतले, लहान मुलीचे १००. स्वस्त आहे. मला वाटतं यांनी वाढवावेत, पण मी म्हटल्यावर काकी म्हणाल्या मगे गावचीच पोरां कशी येतली, शाळेच्या पोरांना त्या फुकट नेतात.

अजून एक गंमत. एका मॅप ॲपवर या ठिकाणाला दोन जणांनी एक स्टार दिलाय. एकाचं म्हणणं मोटर नाही त्यामुळे स्लो. दुसऱ्याचं म्हणणं वेळ आमच्या सोयीने देत नाहीत आणि म्युझिक लावू देत नाहीत. मी ते गटातल्या पंचविशीच्या ताईला वाचून दाखवलं, वाटलं वाईट वाटेल. ती म्हणाली, राहू दे तसंच, ते वाचून तसे लोक येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे वैनींच्या मिस्टरांबरोबर मी समुद्राकडे रापण बघायला गेलो. होडीतून जाळं अर्धवर्तुळात टाकून येतात आणि मग किनाऱ्यावरून दोन्ही टोकं ओढतात, तीसपस्तीस माणसं सहज, ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा. मीही ओढलं, दहा मिनिटांत तळहात सोलले. मासळी फारच थोडी आली, दोन टोपल्या. पर्ससीनवर, म्हणजे मोठं जाळं वेढून करतात त्या मासेमारीवर, २०१६ च्या फेब्रुवारीत राज्याने निर्बंध घातले आणि एलईडी लाईटच्या मासेमारीवर २०१७ ला केंद्राने बंदी घातली, पण रात्री समुद्रात लांबवर उजेड दिसतोच, ते मी डोळ्यांनी बघितलं, क्षितिजावर ओळीने, जणू तिकडे एखादं शहर आहे. मिस्टर काही बोलले नाहीत. त्यातूनही वाटा मोजताना मला मूठभर मोतके (बारकी मासळी) काढून दिले, ओढलंत म्हणून.

रेटिंग साडेचार. अर्धा टॉयलेटच्या दारासाठी कापला, ते बसवलं की पाच समजा.

हे लिहून ठेवलं होतं आणि टाकायचं राहिलं, तेवढ्यात परवा फोन आला. नंबर ओळखीचा वाटला नाही, उचलला तर काकी. "चप्पल गावली हा. अमावास्येच्या उधाणान हाडून दिल्यान, होडयेकडेच. कुरियर करू काय?" मी म्हटलं काकी, दुसरी चप्पल आम्ही येताना टाकून दिली. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाल्या, मगे पावसाच्या आदी येवा, पोरग्येक हेच्यात काय झाड लावूचा ता बगया. चिखल भरून ठेवलंय.